पदराची खूण

२८ एप्रिल १९७४, रविवार

मावशीशी भांडण झालं. फोटोवरून. लग्न धाकट्या बहिणीचं, मल्लूचं, पण हुकूम चंद्रव्वा मावशीचा! अव्वाची धाकटी बहीण, पण तोरा थोरलीचा. म्हणते, "फोटोवाला दिवसभर कशाला? शेवटी एक ग्रुप काढला की झालं." मी म्हटलं, मावशी, अप्पांचा एकही फोटो नाही घरात. चौतीस वर्षं कापडगिरणीत साचे म्हणजे माग चालवले, तिथल्या पासावर तेवढा बोटभर फोटो होता. निवृत्त झाले त्या दिवशी तो पासही गेटवर जमा करून घेतला.

मावशी जरा नरमली. मग म्हणाली, "बरं. पण फोटोवाल्याच्या मागं मागं कोण फिरणार? आमाला कामं हायत." म्हटलं, मी फिरते. लगेच म्हणाली, "ते बेस. तुला तसंबी पुढं काय काम न्हाई."

खरं आहे. हळद मी लावायची नाही, ओटी मी भरायची नाही. नवऱ्याने टाकलेली बाई — ना सवाष्ण, ना विधवा. दहा वर्षं झाली. आता रडू येत नाही, नुसता राग येतो, आणि तोही फार वेळ टिकत नाही. उद्या बेसन दळून आणायचंय.

३० एप्रिल

बाळीवेशीजवळ रामहरी फोटोवाल्यांचं दुकान आहे, तिथे जाऊन आले. पन्नाशीचा माणूस, मूळचा बार्शीकडचा, बोलणं अजून तिकडचंच. दुकानात रंगवलेला पडदा, त्यावर तळं आणि दोन हंस. एका हंसाची मान पुसट झाली आहे.

म्हणाले, "ताई, लग्नातला फोटो कॅमेऱ्यानं बिघडत न्हाय, माणसांनी बिघडतो. कोण कुणाचं, मला काय ठावं? मागं एकदा मुलीचा मामा म्हणून आचाऱ्याचा फोटो काढून बसलो. घरातलं एक शाणं माणूस माज्याशेजारी पायजे." म्हटलं, शहाणं आहे का माहीत नाही, पण शाळेत शिकवते. ते म्हणाले, "मग तर लई झ्याक. यादी करा. कोणाचा, कुटं, कवा. तुमी सांगायचं, मी काढायचं."

घरी येताना उगीचच बरं वाटत होतं. ह्या लग्नात कुणीतरी मला पहिल्यांदाच एक काम सांगितलं.

५ मे, रविवार

यादी केली. देवघरापासून पाठवणीपर्यंत. जास्त झाली, कापली. सतराव्या नंबरावर लिहिलं — मल्लू, जावई आणि अप्पा. तो काही झालं तरी कापायचा नाही.

डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं आहे. कापसाची पूड छातीत बसली, ती आता निघायची नाही. "पावसाळा कठीण जाईल." अव्वाला सांगितलं नाही. मल्लूला तर नाहीच. हळदीच्या तोंडावर कोण सांगणार?

अप्पांना यादी वाचून दाखवली. सतरावा नंबर ऐकला आणि हात झटकला. "मला नको. एकदा फोटो काढला की घरातले खिळा शोधायला लागतात." मी रागावले. ते हसले, मग खोकला आला, मग बराच वेळ पाठ चोळत बसले मी. खोकला थांबल्यावर म्हणाले, "आणि तुझा कुठला नंबर?" म्हटलं, मी फोटोवाल्याशेजारी उभी, मला वेळ कुठाय? त्यावर अप्पा डबीतली सुपारी शोधत राहिले.

यादीत माझं नाव मीच घातलं नाही. कुणी म्हणायच्या आधी. अल्बम अक्कलकोटला सासरी जाणार, लोक पानं उलटणार, विचारणार, "ही कोण? हिचा नवरा कुठंय?" मल्लूला उत्तरं द्यायला लागतील. कशाला पोरीला ताप?

८ मे

रेल्वेचा संप सुरू झाला. स्टेशनावर शुकशुकाट म्हणतात. वऱ्हाड एस.टी.ने येणार, त्याची काळजी नाही. पण रामहरींचे रोल मुंबईहून यायचे होते, ते अडकले. गावात हिंडून दोन मिळाले. एका रोलात बारा. म्हणजे चोवीस फोटो, एकही जास्त नाही.

मावशीकडचेच चोवीस जण आहेत!

९ मे

रामहरींनी आज एक गंमत शिकवली. कॅमेऱ्याला जो फ्लॅश लावतात, त्याच्या मागे एक बटण असतं. नुसतं तेवढं दाबलं की उजेड पडतो, पण फोटो निघत नाही. "लग्नात येणाऱ्या दर माणसाला फोटो पायजे असतो," म्हणाले. "न्हाय म्हटलं तर रुसवे. मंग मी नुसता उजेड पाडतो. तेवढ्यानं माणूस खूश होऊन जेवायला जातं. पापच हाय, पण बिनदुखाचं."

पण खरा कुठला आणि नुसता उजेड कुठला हे त्यांना कळणार कसं? तर मी खूण करायची. बोटाची नको, मानेची नको, लोक चलाख असतात. शेवटी मीच सुचवलं — पदर तोंडाला लावला की नुसता उजेड. मे महिना, घामाच्या धारा, बाई पदराने तोंड पुसतेय यात कुणाला काय दिसणार! माझा खरा घाम मी रुमालानेच पुसायचा. पदर फक्त खुणेचा.

दुकानात दोनदा तालीम केली. रामहरी म्हणाले, "ताई, तुमी माज्या धंद्यात पायजे हुता." किती वर्षांनी इतकी हसले कोण जाणे.

११ मे

हळद झाली. मी माडीवर पत्रावळी मोजत होते.

दुपारी रामहरी मांडव बघायला आले. ऊन कुठून येतं, बोहलं कुठे, कुठे उभं राहायचं, सगळं नीट बघितलं. मग अप्पांच्या बाजेवर जाऊन बसले. चांगला अर्धा तास. खाली आले तर दोघं अगदी हळू काहीतरी बोलत होते, मला बघून थांबले. काय बोलत होता? "गिरणीचं," अप्पा म्हणाले. रामहरी चहा पीत राहिले.

आणि नवल म्हणजे संध्याकाळी अप्पा आपण होऊन म्हणाले, "तो सतरा नंबर राहू दे. काढू." मी हातातलं तबक तसंच खाली ठेवलं. रामहरींनी कसं पटवलं देव जाणे. मी आठ दिवस डोकं फोडत होते.

१३ मे, सोमवार. सकाळी.

काल लग्न लागलं. मल्लू गेली. घर कसं रिकामं रिकामं वाटतंय, आणि सगळीकडे अक्षता पडल्यात.

सगळं लिहून ठेवते.

आमची जोडी लई जमली. मी कानाशी नाव सांगायची, ते पुढे व्हायचे. "मुलाची थोरली आत्या, हिरवं लुगडं." खटक. "मठाचे स्वामी, बसू द्या आधी." खटक. कुणी पुढे घुसलं की मी पदर तोंडाला लावायची, नुसता लखकन उजेड, आणि तो माणूस मिशीवर हात फिरवत जेवायच्या पंगतीला. रेवणप्पा काका — अप्पांचे गिरणीतले सोबती — ते मात्र खरे काढले. मावशी तीनदा उभी राहिली. एकदा सुनेबरोबर, एकदा व्याह्यांबरोबर, एकदा एकटी, हातातल्या पाटल्या दिसतील अशी. तिन्ही वेळा पदर! लिहितानाही हसू येतंय. दुष्टपणा आहे, असू दे. ग्रुपमध्ये येईलच की ती.

मग सतरावा. अप्पा काठी टेकत मांडवात आले. पांढरा फेटा, अव्वाने जपून ठेवलेला कोट. काठी कुणाच्या तरी हातात दिली आणि सरळ उभे राहिले. खोकले नाहीत. मल्लूच्या डोक्यावर हात ठेवला. आणि हसले! असे हसले की मी त्यांना असं कधी बघितलंच नाही. कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून माझ्याकडेच बघत होते, खुळ्यासारखे. मला राहवलं नाही. इतके दिवस धरून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. पदरात तोंड खुपसून रडले. तेवढ्यात उजेड पडला, आणि मनात म्हटलं, झालं! अप्पांचा फोटो झाला. आता काही का होईना.

पदर खाली घेतला तोवर रामहरी कॅमेरा इकडे तिकडे फिरवत काहीतरी खटपट करत होते, आणि अप्पा अजून माझ्याकडेच बघत होते.

जायच्या वेळी मल्लू माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, "अक्का, तू दिवसभर कुठं होतीस?" म्हटलं, तुझ्या समोरच होते की.

२० मे

अप्पा बाजेवरून उठत नाहीत. फोटो आले का, रोज विचारते. फोटोचा कागद नाही, रामहरी म्हणतात. संप.

२ जून

संप मिटला. रामहरी बार्शीकडे लग्नांच्या कामाला गेलेत, आल्यावर करतील. अप्पांना म्हटलं, तुमचा फोटो येतोय. ते म्हणाले, "येऊ दे. तू स्वतः जाऊन आण. दुसऱ्या कुणाला पाठवू नको." बोलताना धाप लागते. मी हो म्हटलं.

९ जून

अप्पा गेले. सकाळी साडेसहाला.

११ जून

परवाचं एक लिहायचं राहिलं. रेवणप्पा काका दारात येऊन म्हणाले, "शरणम्मा, शेवटचा फोटो काढून घ्यायचा का? चौकातला एक फोटोवाला आणतो. तुमच्याकडं गुरप्पाचा फोटो न्हाई म्हणून विचारलं." अप्पांना भिंतीला टेकवून बसवलं होतं, गळ्यात हार, कपाळभर विभूती. तोंड ओढल्यासारखं झालेलं. मी म्हटलं, नको काका. आमच्याकडे लग्नातला आहे. हसरा. अव्वाने त्यांना असंच आठवावं.

काकांनी मान हलवली आणि गेले. मला वाटलं, केवढं शहाणपणाचं बोलले मी.

२३ जून, रविवार

अल्बम आला. शाळा सुरू झाली, मला जायला जमेना, मावशीचा नवरा जाऊन घेऊन आला. मावशीने आधी स्वतःला शोधलं. "तीन फोटो काढले की माझे! कुटं गेले?"  मी सतरावा शोधत होते.

नाही.

सोळावा आहे, अठरावा आहे. पुन्हा बघितलं. पानं चिकटली असतील म्हणून नखाने सोडवून बघितली. मोजले. तेवीस. एक कुठला तरी वाया गेला असेल, पण अप्पांचा फोटो वाया कसा जाईल, उजेड पडलेला मी

पडलेला मला नुसता जाणवला. मी पदरात होते.

पदर.

२४ जून

शाळेत गेले नाही.

मीच खूण केली. त्या माणसाने तर माझं ऐकलं. दिवसभर जसं ऐकलं तसंच. पदर दिसला की बटण दाबायचं, हेच ठरलं होतं, दोनदा तालीम केली होती! त्यांचा काय दोष? दुसऱ्यांना फसवायला केलेली खूण माझ्याच बापावर उलटली. आणि मावशीच्या तीन उजेडांना मी हसत होते.

आणि काका दारात विचारायला आले तेव्हा नको म्हटलं. तेही मीच.

अव्वा अल्बम पुन्हा पुन्हा उलटते. तिचे डोळे अधू, तिला वाटतं आपल्यालाच दिसत नाही. "कुठल्या पानावर आहेत गं?" शेवटी म्हटलं, अव्वा, तो फोटो मोठा करायला ठेवलाय रामहरींकडे. काचेत बसवून देणार आहेत.

का म्हटलं असं?

३० जून

अव्वाने रेवणप्पा काकांकडून भिंतीत खिळा मारून घेतला. अप्पांच्या बाजेसमोर. काकांनी दोनदा विचारलं, केवढा फोटो, केवढा खिळा? अव्वाने हातांनी दाखवलं — एवढा मोठा.

७ जुलै

रोज सकाळी देवपूजा झाली की अव्वा खिळा फडक्याने पुसते. खिळा पुसतं का कुणी? मला घरात बसवत नाही. बाळीवेशीवरून जायचं टाळते, शाळेला लांबच्या रस्त्याने जाते. त्या माणसाला तोंड कसं दाखवू? तो म्हणेल, तुमीच तर पदर लावला ताई. ते ऐकायची ताकद नाही.

१५ जुलै

अव्वा म्हणाली, "लोक चार दिवसांत फोटो करून देतात. हा माणूस काय डोंगरावर चढून करतोय?" मी हसल्यासारखं केलं.

२३ जुलै

मल्लू पंचमीला आली. लग्नानंतरची पहिली पंचमी, आणि दारात आल्या आल्या रिकाम्या बाजेकडे बघून रडली. मेंदी लावून बसली होती संध्याकाळी, तिचे हात अडकलेले, उठून जाता येणार नाही असं बघून मी तिला सगळं सांगितलं. डॉक्टरांचं, खुणेचं, पदराचं, खिळ्याचं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अक्का, ते हसले तेव्हा मी वर बघितलं होतं. मला आठवतात ते. तुलाही आठवतात. पण अव्वाला सांगून टाक. तिला आशेला लावून ठेवू नकोस." माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान पोरगी! मी हातातलं वाटण सोडून तिच्या कोपराला धरून रडले. मेंदी फिसकटली. मावशी ओरडली.

सांगायचं आहे. पण आधी रामहरींकडे जाऊन माफी मागते. जाऊन आणीन असं अप्पांना म्हटलं होतं, तेवढं तरी करते. मग अव्वाला.

२८ जुलै, रविवार

गेले. रामहरी म्हणाले, "महिना झाला, वाट बघतोय ताई. तुमच्या हातात द्यायचा म्हणून अल्बमात लावला न्हाय. तुमच्या अप्पांनी आन घातली हुती." कागदात गुंडाळलेला मोठा फोटो, काच लावलेला. सोडला तर त्यात मी. पदर नुकताच खाली घेतलेला, डोळे ओले, समोर कुणाकडे तरी बघतेय आणि हसतेय. कुणाकडे ते मला ठाऊक आहे.

मी पदराचं सांगायला लागले तर त्यांनी थांबवलं. "तुमी खूण केली नसती तरी मी नुसताच उजेड पाडणार हुतो; तुमचा मग बिनउजेडाचा, उन्हावर काढला. अप्पांनी आदल्या दिवशीच सांगितलं हुतं — माज्या नंबराला बटन दाब, आन् तो फोटो माज्या थोरलीचा काढ. ती समद्यांची नावं लिहून बसली, सोताचं लिहिलं न्हाय."

अव्वाला सगळं सांगितलं. तिने फोटो मांडीवर घेतला, डोळ्यांजवळ नेऊन बघितला, मग स्टुलावर चढून खिळ्याला लावला. मावशी म्हणाली, "अगं, जित्या माणसाचा तिथं लावत न्हाईत." अव्वा म्हणाली, "हार घालू नका म्हणजे झालं."

वाकडा लागला होता. मी सरळ केला.